उजव्या खांद्यावरचा पदर

ती नोकरी मला मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काय झालं म्हणून कुणी ताटकळत बसायला नको. नोकरीचं मला आता काही वाटत नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्या आईच्या डाव्या हाताचा आमच्या सरांनी उजवा हात करून टाकला, आणि भरल्या वर्गात मला ऐकवण्यात आलं की खरा तो उजवाच, डावा तूच केलास. या गोष्टीला चार वर्षं झाली. अजूनही कुणी ‘जाऊ दे ना आता’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. का म्हणून जाऊ दे?

मी तेव्हा जळगावला ॲनिमेशन शिकत होते. घर धुळ्याला. जळगावात एका काकूंकडे खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे. आमची संस्था बसस्टँडजवळ, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. बाहेरच्या फलकावर ‘शंभर टक्के नोकरी’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली एक कार्टून ससा अंगठा दाखवत होता. त्या सशाला एका हाताला चार बोटं होती आणि दुसऱ्याला पाच. पहिल्याच दिवशी मी ते सरांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “लोक बोटं मोजायला येत नाहीत.” मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी ठरलं होतं ते असं: एक वर्ष. वर्षभरात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म भरायचा. वडील मोठ्यानं बोलत नाहीत, पण फॉर्म त्यांनी आधीच आणून कपाटात ठेवला होता. म्हणून मला वर्षभरात चांगलं शोरील करायचं होतं. शोरील म्हणजे आपल्या कामातले निवडक तुकडे जोडून केलेली मिनिटभराची चित्रफीत. स्टुडिओवाले तुमचे मार्क बघत नाहीत, ती चित्रफीत बघतात आणि घ्यायचं की नाही ते ठरवतात. नातेवाइकांना हे समजावताना माझी पुरेवाट व्हायची. रील करते म्हणजे पोरगी मोबाइलपुढं नाचते, अशी एका मावशीची ठाम समजूत होती.

आता संस्थेतली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिनसलं. प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘कॉमन’ नावाचं एक फोल्डर होतं. ज्यानं जे काही बरं केलं, ते त्यात टाकायचं. कुणाची झाडं, कुणाची चालणारी म्हातारी, कुणाचा यंत्रमानव. वर्ष संपत आलं की सर एकेकाला शेजारी बसवायचे आणि त्या फोल्डरमधून तुकडे उचलून ज्याचं त्याचं शोरील जोडून द्यायचे. ज्याला काही येत नाही त्याचंही शोरील मिनिटभराचं व्हायचं. “आपण सगळे एक कुटुंब,” सर म्हणायचे. त्या एका यंत्रमानवानं किती जणांच्या शोरीलमध्ये चालून दाखवलं असेल, कोण जाणे. दरवाजा उघडायचा, आत यायचा, मान वळवायचा. मला तो दिसला की वैताग यायचा.

पण मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. मीही त्या फोल्डरमधून एक खुर्ची उचलली होती.

ती खुर्ची माझ्या शेजारी बसणाऱ्यानं केली होती. तो चाळीसगावहून रोज रेल्वेनं यायचा. त्याचे अब्बा सुतार. घरातली खुर्ची समोर ठेवून त्यानं ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी केली होती. एका पायाला अब्बांनी पत्र्याची पट्टी ठोकलेली होती, ती पट्टीसुद्धा खिळ्यांसकट होती. त्याला चित्र काढता यायचं नाही, काठीला डोकं लावलं की त्याचा माणूस झाला. पण वस्तू घडवाव्यात तर त्यानंच. मी ती खुर्ची माझ्या एका शॉटमध्ये ठेवली आणि पट्टी जरा घाण दिसते म्हणून पुसून टाकली. त्याला विचारलं नाही. तोही काही बोलला नाही. आम्ही एका डब्यात जेवायचो, तेव्हा यात विचारायचं काय, असं मला वाटलं.

बाकीच्या शोरीलचं मला फारसं काही नव्हतं. माझा जीव होता तो माझ्या छोट्या फिल्ममध्ये. दीड मिनिटाची फिल्म, हातानं काढलेली, आईवर.

माझी आई मांडे करते. लग्न, जावळ, अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, कुणाकडे पाहुणे, काही असलं की अक्कांना बोलवा, असं आमच्या भागात ठरलेलं. मांडा कसा करतात ते न बघितलेल्याला सांगणं कठीण आहे. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा आधी तळहातावर थापतात, मग पोळपाट-लाटणं काही न घेता नुसता दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात. तो मनगटावर येतो, मग कोपरापर्यंत लोंबायला लागतो, इतका पातळ होतो की पलीकडचा जाळ दिसतो. आणि मग चुलीवरच्या उपड्या खापरावर एका झटक्यात पसरायचा. चुकला की फाटला. आईचा चुकत नाही.

आई डावखुरी आहे. मांडा तिच्या डाव्या हातातून निघतो आणि डाव्याच हातानं खापरावर जातो. गावभर तिचे मांडे खातात, पण देवाचे पहिले पाच मांडे तिला करू देत नाहीत. मी लहानपणापासून बघत आले आहे. चूल पेटते, खापर तापतं, आणि कुणीतरी म्हणतं, “पह्यला पाच दुसरीले करू द्या. डाव्या हातना देवले चालत नही.” मग एखादी बाई पुढं होते आणि जाडेभरडे, कडेला फाटलेले पाच मांडे करते. तोवर आई हात पदराखाली घेऊन बाजूला उभी राहते. पाच झाले की म्हणायचं, “या अक्का, आता तुम्ही.” आणि उरलेले दोनशे अक्कांनी करायचे. देवाला फाटके आणि पाहुण्यांना आईच्या हातचे. यावर हसावं की डोकं आपटावं, मला कधी कळलेलं नाही. आई मात्र हसायची आणि पदर खोचून बसायची.

फिल्मसाठी मी तिला घरी मांडा करायला लावलं आणि मोबाइलवर टिपून घेतलं. ते बघून बघून मला चित्रं काढायची होती. आई आधी चिडली. “माले काय नाचाले लावी राहिनी?” मग तिनं विचारलं, हे कोण बघणार. मी म्हणाले, पुण्यामुंबईचे लोक. ती म्हणाली, “लोके देखतीन ना हाई? मंग उजवा हात लावसू.”

मी नको नको म्हणत असताना तिनं गोळा उजव्या हातावर घेतला. तिसऱ्या झेलाला मांडा फाटला. दुसरा खापरावर दुमडून पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी आईचा मांडा बिघडताना बघत होते आणि तो माझ्या कॅमेऱ्यासाठी बिघडत होता. मी तिच्यावर ओरडले. मला दुसरं काही येत नाही, मी ओरडतेच. “तुझ्याच हातानं कर. मी डावाच दाखवणार आहे. जगाला डावाच बघू दे.” तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा हात घेतला आणि डाव्या हातानं जो मांडा सोडला, तो खापरावर असा बसला की एक सुरकुती नाही.

तेवढ्या नऊ सेकंदांसाठी मी एकशे आठ चित्रं काढली. “एकशे आठ? मग जपमाळ पूर्ण झाली म्हणायची,” वडील म्हणाले. त्यांचा विनोद वर्षातून एकदाच होतो. फोटोफ्रेमची काच, खाली दिवा, वर कागद, एका चित्रावर दुसरं ठेवून पुढचं काढायचं. गोळा जड असतो तेव्हा हात दबायला हवा. मांडा पातळ झाला की त्याच्या कडा मागं राहतात आणि हात थांबल्यावर मग येऊन पोचतात. हे कुणी शिकवलं नाही, आईचं बघून काढलं. सगळ्यात छळलं ते तिच्या डाव्या हातावरच्या चटक्यानं. कोपराखाली, बाहेरच्या अंगाला, चिंचोक्याएवढा काळपट डाग आहे. लग्न होऊन नवीनच आली होती तेव्हाचा. सासूनं सांगितलं, या घरात उजव्या हातानं करायचं. तिनं उजव्या हातानं मांडा टाकला, तो घसरला, तो सावरायला डावा हात आपोआप पुढं गेला आणि तापल्या खापराला टेकला. हा डाग मला प्रत्येक चित्रात बरोबर जागी काढावा लागायचा. जरा वरखाली झाला की फिल्ममध्ये तो माशीसारखा हलायचा. एकशे आठ वेळा काढला मी तो.

फिल्म झाली. सरांनी बघितली, म्हणाले, “छान. कॉमनमध्ये टाक.” मी टाकली. सगळेच टाकायचे.

उन्हाळा लागला होता. पुण्याच्या एका स्टुडिओतून एक बाई आमच्याकडे मुलं निवडायला आल्या. जागा एकच होती. आम्ही अकरा जण वर्गात बसलो, पडदे ओढले आणि सरांनी एकेकाचं शोरील भिंतीवर लावायला सुरुवात केली. यंत्रमानव आला. दरवाजा उघडून आत आला, मान वळवली. दुसऱ्या शोरीलमध्ये परत आला. बाई चांगल्या होत्या, हसू दाबत होत्या. मला मनातून बरं वाटत होतं, माझ्यात यंत्रमानव नव्हता.

मग चाळीसगावच्याचं लागलं. खुर्ची आली, पट्टीसकट. एक दिवा, एक जुनं घड्याळ, सगळं सुरेख. आणि मग भिंतीवर माझी आई आली.

पहिल्यांदा मला नुसतं चुकल्यासारखं वाटलं. माझ्याच चित्रांत मला रस्ता सापडेना. मग कळलं की अख्खा शॉट आरशात बघितल्यासारखा उलटा केलेला आहे. आई उजव्या हातानं मांडा झेलत होती. उजव्या हातानं खापरावर टाकत होती. मी शेजारी पाहिलं. तो तोंड उघडं टाकून भिंतीकडे बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं आणि तरी मी त्याला कोपर मारलं, चांगलं जोरात.

बाई म्हणाल्या, “हे कुणी काढलंय? फार सुंदर आहे.” सर म्हणाले, “हाच. आमचा हुशार विद्यार्थी.” आणि तो काही बोलला नाही. नोकरी एक होती आणि घरी अब्बांची कंबर गेलेली होती, हे मला माहीत आहे. तरी तो बोलला नाही ते नाहीच.

पुढचं शोरील माझं. पुन्हा तोच मांडा, तेच खापर, पण डावा हात. बाईंनी हात वर करून थांबवलं. “हे आत्ताच पाहिलं ना आपण? तुम्ही नुसतं फ्लिप केलंय.”

मी उभी राहिले. म्हणाले, हे माझं आहे, त्याचं उलटं केलेलं आहे.

बाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, उलटं कुठलं आहे ते दिसतंय ना. इथं बाई डाव्या हातानं करतेय. बायका उजव्या हातानं करतात.”

मी म्हणाले, माझी आई डावखुरी आहे. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणाले, पदर बघा, पदर! त्याच्या शॉटमध्ये पदर उजव्या खांद्यावर आहे, आमच्याकडे पदर कधी उजव्या खांद्यावर असतो का? बाईंनी दोन्ही चित्रं नीट पाहिली. क्षणभर मला वाटलं, पटलं त्यांना. मग त्या म्हणाल्या, “गुजराती पद्धत असेल. तुमच्याकडे गुजरात जवळच आहे ना?” आणि सरांनी, या धुळ्याजळगावच्या माणसानं, जन्मभर बायकांचे पदर डाव्या खांद्यावर बघितलेल्या माणसानं, मान हलवून म्हटलं, “हो हो, जवळच आहे.”

मी तोंडाला येईल ते बोलले. इथं लिहिण्यासारखं नाही. चटक्याचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. एकशे आठ वेळा काढलेला डाग, तो भिंतीवर दोन्ही शॉटमध्ये ढळढळीत दिसत होता, आणि मी पदर पदर करून ओरडत बसले. राग आला की मला समोरचं दिसत नाही, हा माझा जुना रोग. बाहेर पडताना मी दार आपटलं. तर त्या दाराला ते हळू मिटणारं यंत्र बसवलेलं. मी जीव खाऊन ढकललेलं दार सावकाश, अगदी आदबीनं बंद झालं.

बाई गेल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये शिरले. ते चहा पीत होते. त्यांना काही वाईट वाटत होतं असंही नाही, ते नवलानं माझ्याकडे बघत होते. “अगं, तुझाच शॉट मी त्याच्यासाठी दुरुस्त करून घेतला. त्याला चित्रं येत नाहीत, बिचाऱ्याचं शोरील कमी पडत होतं. आणि डाव्या हातानं पुरणावरणाचं कोण करतं? पुण्याच्या बाई नावं ठेवतील, म्हटलं. तुझाही करणार होतो, राहून गेला.”

दुरुस्त. हा शब्द त्यांनी वापरला. चोरला असता तर मी समजू शकले असते. त्यांनी तो दुरुस्त केला.

मी खोलीवर गेले, पिशवी भरली आणि धुळ्याच्या एसटीत बसले. भर दुपार, खिडकीतून झळा येत होत्या. एरंडोल सोडलं तेव्हा त्याचा फोन आला. “मला खरंच माहीत नव्हतं. सरांनी काल मला शेजारी न बसवताच शोरील जोडून पेन ड्राइव्हमध्ये दिलं. मी उघडून बघितलंसुद्धा नव्हतं.” मी म्हणाले, आणि बाईंनी विचारलं तेव्हा? जीभ आत गेली होती का? तो हळूच म्हणाला, “तू माझी खुर्ची घेतलीस तेव्हा अब्बांची पट्टी पुसून टाकलीस. मी बोललो का काही? ती पट्टी त्यांनी माझ्यासमोर ठोकली होती.”

मी फोन कापला. पारोळ्यापर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि पारोळ्यानंतर स्वतःला. म्हणून माझा राग कमी झाला का? नाही. वाढला. कारण आता तो धड कुणावर काढताही येईना. तासाभरानं त्यानं त्याचं शोरील मला मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘पुरावा म्हणून ठेव.’

घरी पोचले तर आई दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी पीठ चाळत बसलेली. माझं तोंड बघून म्हणाली, “आधी जेवी ले.” मी जेवले नाही. तिच्यापुढं मोबाइल धरला आणि म्हणाले, बघ, काय केलं त्यांनी तुझं.

तिनं हात झटकले, मोबाइल हातात घेतला आणि उलटा शॉट बघितला. एकदा. पुन्हा एकदा. माझी अपेक्षा होती की ती भडकेल, निदान विचारेल की हे काय. आणि आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. लाजल्यासारखं, नव्या साडीत फोटो निघाल्यावर येतं तसं.

“हाई चांगलं शे,” ती म्हणाली. “बठ्ठास्नासारखं. हाईच ठेव.” बठ्ठास्नासारखं, म्हणजे सगळ्यांसारखं.

मी तेव्हा जे बोलले ते लिहिताना हात थांबतो, पण दुसऱ्यांचं सगळं लिहिलं तर हेही लिहायला हवं. मी म्हणाले, “तुला आयुष्यभर बाजूला उभं केलं ते बरोबरच केलं त्यांनी. तुझी तीच लायकी आहे.”

आईनं मोबाइल खाली ठेवला. चाळणी उचलली. पीठ पडत राहिलं. वडील वर्तमानपत्र घडी करून अंगणात निघून गेले. मी न जेवता झोपले.

पुढं काय झालं ते इथंच सांगते, कारण ते सांगण्यासारखं थोडंच आहे. मी पुण्याच्या बाईंना सगळं लिहून पाठवलं, सोबत आईचा एक फोटो आणि चित्रांच्या गठ्ठ्याचे फोटो. आठवड्यानं त्यांचा फोन आला. त्यांनी माफी मागितली, मनापासून मागितली असावी. जागा मात्र भरली होती. चाळीसगावच्याला घेतलं होतं, खुर्चीवरून घेतलं म्हणाल्या, मांड्यावरून नाही. “आईंना माझा नमस्कार सांगा,” असंही म्हणाल्या. मी तो नमस्कार सांगितला नाही. त्या फोटोनंतरही मला नोकरी मिळाली नाही आणि नमस्कार मिळाला, म्हणून. बी.एड.चा फॉर्म मी भरला नाही. नवं शोरील केलं, फक्त माझं, अवघं चाळीस सेकंदांचं. खुर्ची काढून टाकली. दीड वर्षानं नाशिकला काम लागलं. तो पुण्यात आहे, बरं करतो. आम्ही बोलतो, पण एका डब्यात जेवल्यासारखं नाही. संस्था अजून आहे, फलकही आहे, सशाची बोटंही तेवढीच आहेत.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी उठले तेव्हा आई ओट्यावर उन्हात बसली होती. लग्नघरी जायला तयार, नऊवारी नेसलेली, खापर फडक्यात बांधून शेजारी ठेवलेलं. तिच्या हातात माझा मोबाइल होता. वडिलांकडून चालू करून घेतला असणार. ती तो शॉट बघत होती. संपला की परत लावत होती. मी दारात उभी राहिले. कालच्या बोलण्यानंतर पुढं जायची हिंमत नव्हती.

तिनं मान वर न करता विचारलं, पदराचं काय म्हणत होतीस तू काल. मी काल तिला पदराचं काही बोलले नव्हते, एसटीतून वडिलांना फोनवर सांगितलं होतं, त्यांच्याकडून तिला कळलं असावं. मी सांगितलं. भिंतीवरची दोन चित्रं, बाईंचं गुजरात, सरांची मान. ती ऐकत होती आणि बघत होती.

मग तिनं शॉट थांबवला. मांडा कोपरापर्यंत उतरलेला, हात पुढं आलेला, तिथं. चित्रातल्या उजव्या हातावर तिनं बोट ठेवलं. चिंचोक्याएवढा डाग.

“हाई काय शे?” तिनं विचारलं.

“चटका. उलटा केल्यावर तो उजव्या हातावर गेला.”

मग तिनं मोबाइल मांडीवर ठेवला, उजव्या हाताची बाही वर केली आणि तो हात उन्हात धरून उलटसुलट करून पाहिला. स्वच्छ हात. डाव्या हाताच्या बोटांनी तिनं कोपराखालची जागा चाचपली, जिथं चित्रात डाग होता तीच.

“ह्या हातले तं कधी काहीच व्हयेल नही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला. आईचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. “चटका मी खादा. चटका ह्या हातले शे.”

तिनं डावा हात माझ्यापुढं केला, डाग वर येईल असा, ताठ.

“काढ फोटू. धाड त्या बाईले.”

मी मोबाइल घेतला. हाताचा फोटो काढायला वाकले, तशी ती म्हणाली, थांब. कमरेला खोचलेला पदर तिनं सोडला, झटकला, डाव्या खांद्यावर नीट बसवला आणि पाठ ताठ करून बसली.

“आते काढ,” ती म्हणाली. “पदर बी दिखू दे.”